घरची मार्गारिटा कडू आणि पाणचट होतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
शनिवारी आठ जण घरी येतायत आणि सगळ्यांना मार्गारिटाच हवीय, तीसुद्धा साधी क्लासिकवाली, टकीला, लिंबू आणि ऑरेंज लिकर एवढंच, स्ट्रॉबेरी-आंबा काही नको. आता करून बघतेय तर पहिला घोट बरा लागतो पण नंतर जिभेच्या मागे कडू कडू राहतं, आणि ग्लास अर्धा होईस्तोवर उरलेलं म्हणजे नुसतं लिंबूपाणी. नेटवर शोधलं तर कोणी म्हणतं 2:1:1, कोणी 3:2:1, कोणी आणखी काही, म्हणून शेवटी इथे विचारतेय.

माझ्याकडे आहे ते सांगते म्हणजे निदान करायला बरं. टकीला सोनेरी रंगाची आहे, लेबलवर नुसतं 'टकीला' लिहिलंय. ऑरेंज लिकर म्हणून ट्रिपल सेक आहे, ती 15 टक्के अल्कोहोलवाली. कागदी लिंबं आहेत, रस आदल्या दिवशी काढून फ्रिजमध्ये ठेवते. शेकर नाही, ग्लासातच बर्फ घालून चमच्याने ढवळते. यातलं नक्की काय बदलू? सगळंच नवीन आणायला लावू नका प्लीज 😅 आणि आठ जणांसाठी आधीच जगमध्ये करून ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद
कडूपणाचा पहिला संशय रसावर. आदल्या दिवशीचा रस नकोच, त्याचा वास उतरतो आणि कडवटपणा वर येतो, त्याच दिवशी काढा आणि थोड्या तासांत संपवा. दुसरं म्हणजे पिळताना शेवटच्या थेंबासाठी जोर लावू नका, सालीतलं तेल आणि पांढऱ्या भागाचा कडूपणा रसात उतरतो. हलक्या हाताने पिळायचं आणि गाळून घ्यायचं. बाटलीतला तयार रस तर या ड्रिंकमध्ये अजिबातच नको, बाकी कशातही घाला.

आता टकीला. लेबलवर '100% अगावे' लिहिलेलं नसेल तर ती बहुतेक मिक्स्टो असते, म्हणजे आंबवलेल्या साखरेतली किमान 51 टक्के निळ्या अगावेची (आपल्या घायपाताची भावंडं) आणि बाकीची उसाबिसाची. सोनेरी रंगही बऱ्याचदा कॅरमलचा असतो, पिंपाचा नाही. एकच गोष्ट बदलायची असेल तर ही बदला, 100% अगावेची ब्लांको (पांढरी, न मुरवलेली) घ्या. रेपोसादो दोन महिने ते वर्षभर लाकडात मुरलेली असते, तीही चालते, चव जरा गोलसर होते. आन्येहो (वर्षाहून जास्त मुरलेली) मात्र लिंबात घालू नका हो, जीव तुटतो बघून.

प्रतिसाद
प्रमाणाचं कोडं तुमच्या ट्रिपल सेकमध्येच आहे. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं (आयबीए) प्रमाण आहे टकीला 50 मिली, ट्रिपल सेक 20, लिंबाचा रस 15. पण 40 टक्केवाली लिकर धरली, क्वांत्रोसारखी, तरच ते जमतं. 15 टक्केवाल्या बाटलीत दारू कमी आणि साखर बरीच, म्हणून तेच माप घातलं की ड्रिंक एकदम गोड आणि लेचंपेचं होतं, मग माणूस लिंबू वाढवतो, मग आंबट होतं, मग परत ट्रिपल सेक... हे चक्र संपतच नाही. मी घरी 60 टकीला, 30 लिकर (40 टक्केवाली), 25 रस घेतो, पेग मेजरने मोजून. अंदाजपंचे ओतायचं ड्रिंक नाही हे.

बाकी पाणचटपणा बर्फामुळे. फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवलेला ओला, बारीक बर्फ आधीच वितळायला लागलेला असतो. मोठे कोरडे खडे घ्या, भरपूर घ्या (कमी बर्फ लवकर वितळतो, उलट वाटतं पण खरंय), आणि शेकर नसला तर घट्ट झाकणाची बरणी घेऊन 12-15 सेकंद जोरात हलवा, हाताला बोचरं गार लागेपर्यंत. मग गाळून नव्या बर्फावर ओता. हलवताना थोडं पाणी सुटतं ते हवंच, नाहीतर घशाला लागतं, पण ते एकदाच सुटलं पाहिजे, ग्लासात पीत बसल्यावर नाही.

प्रतिसाद
मी जरा वेगळं सांगणार. ट्रिपल सेक चांगली नसेल तर काढूनच टाका ना! सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमीज रेस्टॉरंटमध्ये हुलिओ बर्मेहो यांनी तेच केलं, ऑरेंज लिकरच्या जागी अगावे सिरप, बाकी टकीला आणि लिंबू. टॉमीज मार्गारिटा म्हणून ती आयबीएच्या यादीतही आहे. 60 टकीला, 30 रस, 15 सिरप, चाखून कमीजास्त करा. टकीला चांगली असेल तर मला हीच जास्त आवडते, संत्र्याआड काही लपत नाही. पण मिक्स्टो घालून केलीत तर तिचे सगळे दोष उघडे पडतील एवढं लक्षात ठेवा.

धागाकर्ती
बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. टकीला बदलते आणि 40 टक्केवाली लिकरही आणते, गेले पैसे. पण मीठाचं काय, ते नुसतं दिसायला असतं का? आणि जगचं कोणीच सांगितलं नाही 🙏

प्रतिसाद
मीठ दिसायला नाही, मीठाने कडू चव दबते आणि आंबटगोड जास्त उठून लागतं. जाडसर मीठ घ्या, काठाला बाहेरून लिंबाची फोड फिरवायची आणि अर्ध्याच काठाला मीठ लावायचं, ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल. आतल्या बाजूला लागलं तर ड्रिंकमध्ये पडतं आणि समुद्र होतो.

जगमध्ये 60-30-25 च्या हिशोबाने आठ ग्लासांना 480 टकीला, 240 लिकर, 200 रस. कागदी लिंबाचा एकेकाचा 10-15 मिली रस निघतो, म्हणजे वीसेक लिंबं आणून ठेवा. टकीला-लिकर सकाळीच मिसळून फ्रिजमध्ये ठेवली तरी चालते, रस मात्र पाहुणे यायच्या आधी तासभर घाला. देताना दोन-दोन ग्लासांचं बरणीत हलवून द्या. हलवायचा कंटाळा असेल तर जगमध्येच साधारण 200 मिली गार पाणी घालून फ्रिजमध्ये चांगलं थंड करा आणि थेट बर्फावर ओता.

लिंबं उन्हात, गच्चीवर वगैरे पिळू नका, आणि पिळल्यावर हात साबणाने नीट धुवा. रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात, काळे डाग पडतात, मार्गारिटा बर्न म्हणतात त्याला. आणि एका ग्लासात 90 मिली 40 टक्केवाली दारू आहे म्हणजे तीन छोटे पेग, आंबटपणामुळे ते कळत नाही. तेव्हा सोबत खायला भरपूर ठेवा आणि परत कोण कसं जाणार ते आधीच ठरवून घ्या, गाडी घेऊन येणाऱ्याला नुसतं लिंबू-सोडा द्या, मीठाचा काठ त्यालाही मस्त लागतो.