फरदड : सिनेमाला लावावा का हा शब्द?

वर्धाकाठ :
सिनेमाचा पुढचा भाग, त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा, या सगळ्याला मी 'फरदड' म्हणतो. शहरातल्या मित्रांना हा शब्द कळत नाही, म्हणून आधी अर्थ. जून-जुलैत लावलेल्या कापसाचा वेचा दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. पहिला वेचा, दुसरा, तिसरा. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून रान मोकळं करायचं असतं. पण विहिरीला पाणी असलं की काही जण उपटत नाहीत. त्याच पऱ्हाटीला पुन्हा पाणी, पुन्हा खत. ती पुन्हा पाती-फुलं धरते आणि उन्हाळ्याच्या तोंडी थोडा कापूस हाती येतो. ही फरदड. धागा आखूड, कवडी म्हणजे किडीनं खराब झालेला कापूस जास्त, भाव पडेल.

आता 'जुरासिक वर्ल्ड : रिबर्थ' (२०२५). डायनासोरांच्या सिनेमांच्या मालिकेतला सातवा. १९९३ चा पहिला आपल्याकडे १९९४ साली हिंदीत डब होऊन आला, तेव्हापासून मी या मालिकेचा भक्त. सातवा पाहिला आणि तोंडून निघालं, फरदड आहे. जुनं भय पुरेना, तर प्रयोगशाळेत बिघडलेला, दोन जादा अवयव फुटलेला सहा हातापायांचा राक्षस आणला. बरं, तो सुटतो कशानं? चॉकलेटच्या कागदानं! कागद दाराच्या यंत्रात अडकतो अन् सगळी सुरक्षा कोलमडते. आमच्या गावच्या विजेच्या डीपीचं झाकण याहून मजबूत आहे.
शब्द बरोबर बसतो का, सांगा.

उसाचा फड :
आमच्या कोल्हापूरकडं यासाठी 'खोडवा' आहे की. ऊस तोडला की बुडख्यातनं नवे फुटवे येतात, तो खोडवा. तोही तोडून पुन्हा राखला तर निडवा. सातव्या भागापर्यंत मात्र आमचे शब्द पुरायचे नाहीत.

वर्धाकाठ :
दादा, खोडवा अन् फरदड यात फरक आहे, आणि तोच इथं कामाचा आहे. खोडव्यात आधी तोडणी होते, मग मुळातून नवा फुटवा. फरदडीत तोडणी नाहीच, जुन्याच खोडाला राबवायचं. तिसरा भाग २००१ चा. त्यानंतर चौदा वर्षं रान पडीक, मग २०१५ ला 'जुरासिक वर्ल्ड' आला. नवी माणसं, नवं उद्यान, मूळ मात्र जुनं. तो खरा खोडवा, आणि फुटवाही जोमदार होता. नंतर २०१८, २०२२, २०२५ अशी पाणी देत देत चालली ती फरदड.

बाभूळबन :
भौ, फरदडले एवढं कमी लेखू नका. यवतमाळकडचा आहो, घरी कपाशीच हाय. कृषी खातं दरवर्षी सांगते, फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीले उन्हाळ्यापर्यंत खायले भेटते, तिचं चक्र तुटत नाही अन् पुढच्या साली नव्या कपाशीवर तीच येऊन बसते. २०१७ साली तिनं काय केलं ते आमी डोळ्यानं पाह्यलं. हे सगळं माहीत असूनही माणूस फरदड ठेवते, कारण पहिल्या वेच्यात खर्चच निघत नाही. लोभ कमी, मजबुरी जास्त. तुमच्या त्या स्टुडिओले कायची मजबुरी?
अन् दुसरी गोष्ट. वेचा सुरू करताना आमच्याकडे सीतादही होते, दहीभात ठेवून पूजा. फरदडीले कोणी सीतादही करत नाही. तुमी मात्र सातव्या भागाले बी पहिल्या दिवशी तिकीट काढता!

सावली ताई :
पण 'रिबर्थ'मध्ये आधीच्या भागांतलं एकही प्रमुख पात्र नाही. पटकथा मात्र डेव्हिड केप यांची. १९९३ ची पटकथा मायकल क्रायटन यांच्यासोबत त्यांनीच लिहिली होती, १९९७ ची पण त्यांचीच. मग ही जुनी पऱ्हाटी म्हणायची की फक्त जुना शेतकरी?
शिवाय यातला उत्तम प्रसंग, नदीतला तराफा आणि मागे लागलेला टी-रेक्स, क्रायटन यांच्या १९९० च्या मूळ कादंबरीत होता. पहिल्या सिनेमात तो घेता आला नाही. शेतात राहून गेलेलं नंतर जाऊन वेचलं तर ती फरदड नव्हे. त्याला 'सरवा' म्हणतात.

वर्धाकाठ :
ताई, मानलं. सरवा! तराफ्याच्या प्रसंगाला मी खुर्चीच्या कडेवर होतो, हे आता लपवत नाही.

आणि एका प्रसंगाला तर फरदड हा शब्द माझ्याच्यानं म्हणवत नाही. टायटॅनोसॉरस, लांब मानेचा अवाढव्य डायनासोर. उंच गवतातून ती जोडी वर येते, मागे जॉन विल्यम्सची जुनी धून. आता आम्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरावाल्यांची बाजू ऐका. हे नाव रिचर्ड लायडेकरनं १८७७ साली जबलपूरला मिळालेल्या हाडांवरून ठेवलं. दोन वर्षांनी आमच्या तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या हाडांवरून त्याच नावाखाली आणखी एक जात त्यानं नोंदवली. त्याच पिसदुऱ्यात डायनासोरच्या दगड झालेल्या लेंड्या सापडतात. २००५ साली लखनौच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्या तपासल्या, तर आत गवताचे सिलिकाचे बारीक कण! तोवर डायनासोरच्या काळी गवत नव्हतंच असा सर्वसाधारण समज होता. म्हणजे पडद्यावर ती जनावरं गवतात उभी दिसतात, त्याचा पुरावा वरोरा तालुक्यातल्या लेंडीत निघाला. शेपट्या अवाच्या सवा लांब काढल्या आहेत, ते सोडून देऊ. हॉलमध्ये मी बाजूच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "हे आपल्याकडचं आहे." तो म्हणाला, "हो का," आणि पॉपकॉर्न खात राहिला.

उसाचा फड :
गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडंही असं काहीतरी आहे ना?

वर्धाकाठ :
आहे, आणि ते तर नावाप्रमाणे खरं जुरासिक. पिसदुऱ्याची जनावरं त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी आली. प्राणहितेच्या खोऱ्यातला कोटा थर जुरासिक काळातला आहे, वडधमला जीवाश्म उद्यान आहे. त्याच खोऱ्यात, नदीपलीकडच्या तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात बारापासॉरस मिळाला. कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी नाव ठेवलं म्हणून बंगाली 'बडो पा', मोठा पाय, आणि पुढं 'टागोराय', रवींद्रनाथांसाठी. आपल्याकडच्या कोणी ठेवलं असतं तर 'ढांगासॉरस' झालं असतं.

बाभूळबन :
पण क्रियापद सांगून ठेवतो. फरदड 'घेतात' नाही तं 'ठेवतात'. 'फरदड केली' कोणी म्हनत नाही. अन् शब्द बाईमानूस हाय, ती फरदड. लिहिता तं नीट लिहा.

सावली ताई :
म्हणजे 'स्टुडिओने फरदड घेतली' हे व्याकरणाने शुद्ध. आता एक राहिलं. मूळ कथेच्या आधीचं सांगणारा जो सिनेमा येतो, प्रीक्वल, त्याला काय म्हणाल?

बाभूळबन :
पेरणीच्या आधी काय करता ताई? वखरणी.