परार्धापर्यंत नावं होती म्हणून अनंत कळला होता का?

शून्यप्रेमी (पर्वरी)
काल आमच्या कॉलनीच्या गटात एक फॉरवर्ड आला: 'युरोप हजारावर अडखळत होता तेव्हा आपण परार्ध मोजत होतो. जर्मन गणितज्ञ कॅन्टरने शोधलेला अनंत आपल्या उपनिषदातल्या पूर्णमदः मंत्रामध्ये आधीच आहे.' खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग. तिथे शेजारधर्म म्हणून गप्प बसलो. इथे बसणार नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात (११५०) परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. अभिमान जरूर बाळगा. पण आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, अख्खं विश्व वाळूने भरायला किती कण लागतील याचा हिशेब मांडला होता आणि तो एकावर त्रेसष्ट शून्यांपर्यंत गेला होता. हजारावर अडखळणारा माणूस हे करतो? आणि त्रेसष्ट काय, त्रेसष्ट लाख शून्यं लावा, अनंत तिथून तेवढाच लांब राहतो जेवढा सातापासून आहे.

कॅन्टरने १८९१ मध्ये जे दाखवलं ते वेगळंच आहे. शून्य ते एकमधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी तुम्ही केलीत असं धरू. कधी न संपणारी यादी. आता पहिल्या संख्येचा पहिला अंक बदलून घ्या, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असं करत एक नवी संख्या तयार करा. ती यादीतल्या प्रत्येकीपेक्षा निदान एका जागी वेगळी आहे, म्हणजे यादीत नाही. यादी अनंत, तरी अपुरी. एक अनंत दुसऱ्या अनंतापेक्षा मोठा असतो. हे पूर्णमदःमध्ये कुठल्या ओळीत आहे ते दाखवा, मी तुमच्या गटात हात जोडतो.

बोरीकर
झालं. परदेशी माणसाने सांगितलं की सिद्धांत, आपल्या माणसाने सांगितलं की फॉरवर्ड. भास्कराचार्य बीजगणितात खहर राशीबद्दल, म्हणजे शून्याने भागलेल्या संख्येबद्दल, काय म्हणतात ते वाचलंय का? तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, फरक पडत नाही. सृष्टी आणि प्रलयाच्या वेळी जीवांचे समुदाय बाहेर आले, आत गेले, तरी अच्युतात पडत नाही तसा. आणि जैनांचं काय? संख्यात, असंख्यात, अनंत, आणि त्यांचेही पोटभेद. एका दिशेने अनंत, दोन दिशांनी अनंत, सर्वत्र अनंत. अनंत एकाच प्रकारचा नसतो हे कॅन्टरच्या पणजोबाच्या आधी इथल्या लोकांना सुचलं होतं.

गणिताचा मास्तर (फोंडा)
दोघांनाही एकेक. शून्यप्रेमी, बदललेला अंक ० किंवा ९ घेऊ नका, नाहीतर ०.४९९९… आणि ०.५ ही एकच संख्या आहे म्हणून कोणीतरी पकडेल. बोरीकर, भास्कराचार्यांचंच लीलावतीत असंही आहे की राशीला शून्याने गुणलं आणि पुन्हा शून्याने भागायचं असेल तर राशी जशीच्या तशी राहते. आज हे वहीत लिहिलंत तर मीच लाल रेघ मारीन.

माझं दुखणं मात्र वेगळं आहे. सातवीत विचारलं, खर्व म्हणजे किती? वर्गात सामसूम. एकाने सांगितलं, 'सर, हिंदीत दहा हजार कोटी.' अरे बाबा, तो हिंदीतला खरब! आपला खर्व हजार कोटींचा, दहापट लहान. परवा एका दैनिकाने हिंदी बातमी उतरवताना खरबाचा सरळ खर्व केला. नऊ दशांश पैसा वाटेत गडप, आणि वाचकांपैकी एकालाही पत्ता नाही.

मांडवीकाठचा
आधी गोव्यात मराठीला राजभाषा करा, मग खर्व-निखर्व शिकवा. १९८७ पासून आम्ही तेच

केपेंकार
हांगा बी तेंच? इन्फिनिटीचेर उलय रे.

तात्या (मडगाव)
मास्तर, दहापटीचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे हजारपटीचा घोळ आहे. आम्ही पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, शिकलो. तिथे बिलियांव म्हणजे दहा लाख वेळा दहा लाख. एकावर बारा शून्यं. नऊ शून्यांना 'मिल मिल्योंयश', हजार दशलक्ष. आता आमचा जावई बँकेत आहे, तो म्हणतो बिलियन म्हणजे शंभर कोटी. मी म्हटलं, तुझ्या बँकेत असेल. जेवताना ताटावरून उठला.

शून्यप्रेमी (पर्वरी)
तात्या, जावई बरोबर आहे. ब्रिटनने १९७४ मध्येच बिलियन नऊ शून्यांवर आणला. आता जगभर तेच चालतं.

तात्या (मडगाव)
जगभर? पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, जर्मनी जगात येत नाहीत वाटतं! तिथे अजून बाराच शून्यं आहेत. माझा पुतण्या लिस्बनला असतो, त्याला विचारून सांगतो.

हिशेबनीस (म्हापसा)
मी ताळेबंद करते, म्हणून मध्ये बोलते. एकावर बारा शून्यं हा एकच आकडा घ्या. लीलावतीप्रमाणे तो महापद्म, यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतल्या यादीत तोच परार्ध, तात्यांचा तो बिलियांव, इंग्रजीत ट्रिलियन. आणि दिल्लीचा अर्थसंकल्प त्याला म्हणतो लाख कोटी. एवढी सगळी नावं घरात असताना आपण लाखाला कोटी चिकटवतो, कारण समोरच्याला तेवढंच कळतं. माझ्या एकाही अशिलाने आजवर 'निखर्व' म्हटलेलं नाही, आणि त्यात जमिनीवाले पुष्कळ आहेत.

बोरीकर
बाई, मुद्दा भरकटवू नका.

हिशेबनीस (म्हापसा)
मी भरकटवला? परार्धावर छाती फुगवणाऱ्यांनी आधी बारा शून्यं की सतरा ते ठरवावं, एवढंच म्हटलं.

शून्यप्रेमी (पर्वरी)
बोरीकर, जैनांवर येतो. त्यांनी प्रकार पाडले हे खरं. पण प्रकार पाडणं आणि एक अनंत दुसऱ्यात मावतच नाही हे सिद्ध करणं यात अंतर आहे. सम संख्या सगळ्या पूर्णांकांच्या निम्म्या वाटतात. जोड्या लावल्या की दोन्ही सारख्याच भरतात. दशांशांशी मात्र कशीही जोडी लावा, उरतातच. ही जोडी लावायची युक्ती कुठल्या आगमात आहे?

बोरीकर
आणि तुमचा कॅन्टर मोठा विज्ञाननिष्ठ? त्याने कार्डिनल फ्रान्झेलिन या कॅथलिक धर्मगुरूंना पत्रं लिहिली होती, आपल्या अनंतामुळे देवाला धक्का लागत नाही हे पटवायला. सगळ्यांच्या पलीकडचा जो अनंत, तो त्याच्या लेखी देवच होता. म्हणजे त्याने अच्युत म्हटलं नाही इतकंच. तिथे तुम्हाला हसू येत नाही, इथे येतं.

गणिताचा मास्तर (फोंडा)
हे खरं आहे हो. क्रोनेकर या गणितज्ञाने त्याला छळला तो भाग वेगळा.

शून्यप्रेमी (पर्वरी)
मी देवाला हसलो नाही, फॉरवर्डला हसलो. बरं, घ्या, अनंताच्या श्रेयातला अर्धा वाटा जैनांना. खूश?

बोरीकर
अनंताचा अर्धा म्हणजे अनंतच. वरच तुम्ही सिद्ध केलंत. मिळाला.

केपेंकार
😂😂 सर, हाका किते म्हणटले?

गणिताचा मास्तर (फोंडा)
मी पेपर तपासतोय. आणि कृपा करून खर्वाबद्दल कोणीतरी त्या दैनिकाला लिहा, माझं पत्र ते छापत नाहीत.

तात्या (मडगाव)
पुतण्याचा फोन आला. त्याने शेजाऱ्याला विचारलं. शेजारी म्हणतो नऊ शून्यं. मागाहून कळलं, शेजारी ब्राझीलचा. ब्राझीलवाले नऊच धरतात, ते मला ठाऊक आहे, मी ब्राझीलचं नाव तरी घेतलं होतं का? पुतण्या उद्या पोस्टात जाऊन खऱ्या पोर्तुगीज माणसाला विचारणार आहे. तोवर जावयाला कोणी काही कळवू नका.