जॉब फिनिश्ड दिसला म्हणून रात्रीचा माणूस काढायचा?

बेसिसवाला_सातपूर
काल एकाने इथे लिहिलं की त्यांनी सॅपच्या (कंपनीचा हिशोब आणि स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर) बॅकग्राउंड जॉबवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांवर, एआय एजंट बसवला, मॅनेजरला रोज सकाळी मराठीत सारांश जातो, एसएम३७ (जॉबची यादी दाखवणारी स्क्रीन) उघडावंच लागत नाही आणि रात्रपाळीचा माणूसही काढून टाकला. खाली सगळे अभिनंदन करत सुटलेत. मला राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

एजंट बघतो काय? जॉबचं स्टेटस. कॅन्सल्ड, म्हणजे मध्येच बंद पडलेला, दिसला की ओरडतो. पण महागात पडणारे जॉब कॅन्सल होतच नाहीत. आरबीडीएपीपी०१ घ्या, आयडॉक (दुसऱ्या सिस्टीमकडून आलेले व्यवहाराचे निरोप) सॅपमध्ये चढवणारा प्रोग्रॅम. आत आलेले आयडॉक ६४ (चढायचा बाकी) वरून ५३ (चढला) ला जाण्याऐवजी ५१ (चुकला) ला जाऊन पडले, तरी जॉब फिनिश्डच. आरएसबीडीसीएसयूबी हा प्रोग्रॅम तसाच, सेशन (साठवलेल्या एंट्रींचे गठ्ठे) सोडून मोकळा होतो आणि चुकलेली सेशन एसएम३५ या स्क्रीनमध्ये पडून राहतात.

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात १ तारीख रविवारी आली आणि नवा पिरियड (नव्या महिन्याचा हिशोब) उघडलाच गेला नव्हता. गोदामाकडून येणारी प्रत्येक एंट्री ५१. एसएम३७ मध्ये मात्र ओळीने फिनिश्ड. गाड्या गेटवर उभ्या, ना आवक चढते ना डिस्पॅच निघतो. ते पकडलं रात्रपाळीच्या डिस्पॅचच्या मुलाने, कारण पहाटेपर्यंत कोणता स्टॉक हललेला असायला हवा हे त्याला तोंडपाठ होतं. असला माणूस तुम्ही काढताय.

गोदाकाठ_फंक्शनल
तुम्ही टाकाऊ एजंट पाहिलाय आणि सगळ्यांना त्याच मापाने मोजताय. नुसतं जॉबच्या स्टेटसचं टीबीटीसीओ टेबल वाचायला एजंट कोण बसवतो? आमचा एसएम३७ बरोबर एसटी२२ चे डंप (कोसळलेले प्रोग्रॅम), एसएम१३ (अडकलेले अपडेट) आणि ५१ चे आयडॉक एकत्र बघतो.

सिन्नरच्या प्लांटमध्ये एमआरपीचा (कोणता माल किती लागेल याचं गणित) रात्रीचा जॉब पडला. तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या युजरवर चालायचा. एचआरने युजर लॉक केला, स्टेप सुरू होताना लॉगऑन झालं नाही. एजंटने जॉब लॉग वाचून कारण सांगितलंच, वर त्या युजरवर आणखी कोणते जॉब लटकलेत त्याची यादीही दिली. आपल्याकडे माणूस ही यादी दुपारपर्यंत काढतो, तोवर प्लॅनर जुन्या आकड्यांवर ऑर्डरी सोडून बसलेला असतो.

बेसिसवाला_सातपूर
५१ बघायचं हे एजंटला कोणी सांगितलं? तुम्ही. कारण तुम्हाला आधीच चटका बसला होता. ज्या कंपनीत हे सांगणारा कोणी उरला नाही, तिथे काय?

आणि आज वाचतोय, उद्या जॉब रिलीजही करील, म्हणजे स्वतःच चालायला सोडील. फाइलवरून माल चढवणारा झेड प्रोग्रॅम (कंपनीने स्वतः लिहून घेतलेला) अर्ध्यात पडला आणि एजंटने तो पहिल्यापासून चालवला, की अर्धा स्टॉक दोनदा चढला. मग वर्षअखेरच्या मोजणीत स्टोअरवाला शिव्या खातो.

एक्सबीपी_जुना
यात नवं काय? बाहेरच्या सॉफ्टवेअरला सॅपचे जॉब हाताळू देणारा एक्सबीपी इंटरफेस सॅपच्या जुन्या आर/३ च्या काळापासून आहे. कंट्रोल-एमसारखे शेड्यूलर बाहेरून जॉब बघतात, नियम मोडला की मेल टाकतात. त्यासाठी भाषेचं मॉडेल कशाला? त्याने सारांशात एखादा जॉब गाळला तर कळणार कसं?

गोदाकाठ_फंक्शनल
नियम लिहिणारा माणूस पुण्याला गेला की त्या मेल कोणी उघडत नाही. मी असे हजारो न वाचलेले मेल पडलेले इनबॉक्स बघितलेत.

रात्रीचा_फोन
रात्रीचा माणूस काढला असं सगळे सहज लिहिताय. फोन कोणाला लागतो?

आमच्याकडे रात्रपाळी बंद झाली. भत्ता गेला, घरी सोडणारी गाडी गेली, आणि अलर्ट माझ्या मोबाइलवर. मंथ-एंडला बॅकग्राउंड वर्क प्रोसेस (जॉब चालायच्या जागा) भरलेल्या असतात, जॉब ताटकळतात, ते दर महिन्याचंच. एजंट प्रत्येक उशिरासाठी मला उठवतो. घरात सासूबाई आजारी, फोन सायलेंट करता येत नाही. ऑन-कॉलचे पैसे मागितले तर उत्तर आलं, "तुम्ही घरीच तर असता." त्याच टीममधल्या पुण्याच्या लोकांना भत्ता आहे.

सिन्नर_प्लॅनर
ताई, घरून काम मिळतंय ना? आम्ही पहाटे सिडकोच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट बघत उभे असतो. नाशिकला राहायचं आणि पुण्याचा पगार मागायचा, हे बरं आहे.

रात्रीचा_फोन
नीट वाचा. पुण्याचा पगार मी मागितलेला नाही. रात्री केलेल्या कामाचे पैसे मागितलेत. तुमच्या प्लांटमध्ये थांबून काम केलं तर ओव्हरटाइम मिळतो की नाही? मग मी लॅपटॉप उघडून तुमचाच एमआरपी पुन्हा लावते तेव्हा ते काम नसतं का?

एक्सबीपी_जुना
ताईंचं बरोबर आहे. नाशिकच्या पोरांना पुण्याला पळावं लागतं ते यामुळेच. इथे राहिलात म्हणजे स्वस्तात मिळालात, असं धरून चालतात. माझा मुलगा के. के. वाघमधून शिकला, आता हिंजवडीला. सणालाच येतो.

सिन्नर_प्लॅनर
ओव्हरटाइम मिळतो, मान्य. पण उठवलं नाही तर सकाळी शॉर्टेज लिस्ट चुकीची येते आणि लाइन थांबली की सुपरवायझर माझ्यावर ओरडतो. तुमचा राग एजंटवर काढू नका, कंपनीवर काढा.

रात्रीचा_फोन
कंपनीवरच काढतेय. रात्रपाळी बंद करायला कारण कोणतं दिलं होतं? एजंटचंच.

गोदाकाठ_फंक्शनल
माणूस काढण्यासाठी एजंट आणला तर मीही विरोधात आहे, हे लिहायला हवं होतं. उशिराचे अलर्ट मात्र गाळता येतात. महिनाअखेरची मर्यादा वेगळी ठेवायची, आणि सकाळी ६ च्या आत ज्याचा परिणाम होणार नाही असा जॉब फोनवर पाठवायचाच नाही.

बेसिसवाला_सातपूर
तुमच्या सिन्नरच्या यादीबद्दल एवढं मान्य करतो, लॉग वाचण्यात तो माझ्यापेक्षा वेगवान आहे. माझ्याकडे आणायचा असेल तर फक्त वाचण्याचा युजर देईन, एस_बीटीसीएच_एडीएम (जॉबवरचा अ‍ॅडमिनचा अधिकार) मिळणार नाही. कोणत्या जॉबनंतर काय तपासायचं, ५१ किती, एसएम३५ मध्ये काय, ही यादी त्या खात्याच्या माणसाने सही करून द्यायची. रिलीज माणूसच करील.

रात्रीचा_फोन
त्या यादीत रात्री कोणाला उठवायचं त्याचं नाव आणि त्याचा भत्ताही लिहा. सोमवारी मी आमच्या मॅनेजरला हेच लेखी देतेय.