हाव सोडा म्हणणाऱ्यांनो, आधी आमची बोअर बघा

सावद्याचा केळीवाला: काल इथं एकानं लिहिलं की पर्यावरण, अर्थकारण आणि अध्यात्म एकत्र आले की समाज टिकतो, माणसानं फक्त हाव सोडावी. वाचून डोकं फिरलं भो. हाव कोणाची? माझ्या बापाच्या विहिरीला 90 फुटांवर पाणी होतं, मी तिसरी बोअर 700 फुटांवर नेली तेव्हा बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. रात्रभर मशीन चालू, नुसती पांढरी धूळ, पहाटे ओला गाळ वर आला तर म्हातारीनं तो कपाळाला लावला. आमचं अध्यात्म हे असं. केळीचा भाव बऱ्हाणपूरच्या बाजारात बोलला जातो, त्यात आम्हाला विचारतं कोण? वादळात पिलबाग, म्हणजे पहिल्या केळीच्या पिलांवर धरलेली दुसरी बाग, आडवी झाली की पंचनाम्याची वाट बघत बसा. आधी भाव द्या, मग हाव काढा.

धुळ्याचा मास्तर: पोस्ट माझीच होती. विनोबांनी 1932 मध्ये आमच्या धुळ्याच्या जेलात गीता सांगितली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, आणि ऐकणारे कैदी होते, मठातले लोक नव्हते. मी त्या अध्यात्माबद्दल बोलत होतो. तुम्ही तर भावावरच सुरू झालात.

सावद्याचा केळीवाला: एक तारखेला पगार जमा होतो तुमचा, मास्तर. भावावर बोलायची गरज तुम्हाला नाही.

जळगावचा इंजिनिअर: भांडू नका, उपाय आहे, ठिबक. पाणी वाचतं, खतही मुळाशी जातं. सगळ्यांनी केलं तर प्रश्नच मिटला.

सावद्याचा केळीवाला: माझं अख्खं ठिबकवर आहे साहेब. पाणी वाचलं हे खरं, पण त्या वाचलेल्या पाण्यावर मी आणखी चार एकर केळी लावली, शेजाऱ्यानं सहा. मोटर तेवढीच चालते. मिटला प्रश्न?

पांझराकाठ, साक्री: आता मुद्द्यावर आलात. आमचे आजोबा फडावर पाटकरी होते, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारे आणि राखणारे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, जमिनीचे फड, म्हणजे मोठे पट्टे, पाडलेले आणि एका फडात एकच पीक. नदीला पाणी कमी असलं की पंच ठरवतील तेवढेच फड भिजायचे, बाकी पडीक. ज्याचा त्याचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात असायचा म्हणून तोटाही सगळ्यांच्या वाट्याला यायचा. मोठ्या घरचा माणूस रात्री बारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडायला आला तर आजोबा पाटात फावडं घेऊन उभे राहायचे, ही गोष्ट आजी सांगायची आणि सांगताना तिचा आवाज चढायचा. कोणी हाव सोडली नव्हती, हावेला बांध घातला होता.

सावद्याचा केळीवाला: बाजरी-गव्हाला जमलं असेल ते. नगदी पिकाला नाही जमत.

पांझराकाठ, साक्री: फडात ऊस असायचा भाऊ! माहीत नसेल तर विचारा, ठोकून देऊ नका. वर धरणं झाली, मळ्यामळ्यात विहिरी-मोटारी आल्या, मग पाटाची गरज कोणाला राहिली?

नवापूरची ताई: तुम्ही सगळे पाण्यावरच, ते ज्या डोंगरातून येतं त्याचं काय? साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी 1990 नंतर उजाड डोंगर राखला, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडलं की दंड. आज चारशे हेक्टरांच्या वर जंगल आहे, त्यात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना 2025 ची पद्मश्री मिळाली. पण आमच्याकडे नियम वरून आला, तेव्हा माझी आई सरपणाची मोळी आणताना अडवली गेली होती, दिवसभर उन्हात बसवून ठेवलं, ते मी विसरत नाही. नियम गावानं केला तर माणूस पाळतो. वरून लादला तर आमच्यासारख्यांनाच चटके.

धुळ्याचा मास्तर: ताई, हे माझ्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. मी एकट्या माणसाला हाव सोडायला सांगत बसलो, तिथं चुकलो.

सावद्याचा केळीवाला: मास्तरांनी मानलं म्हणून मीही मानतो, तेवढंच. शेजारच्या चौघांना विचारून बघतो, येत्या कांदेबागेला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीलागवडीला, क्षेत्र वाढवायचं नाही आणि नवी बोअर मारायची नाही. एकानं जरी मशीन बोलावलं तर मीही बोलावणार, आत्ताच सांगून ठेवतो. आणि भावाचं अजून कोणीच उत्तर दिलेलं नाही.