मदत हवी आहे: मामांचं रक्त का वाढत नाहीये?

नमस्कार मंडळी, पंचवटीतून लिहितोय. मामांना एचआयव्ही आहे, गोळ्या वेळेवर चालू, पण हिमोग्लोबिन ७.८ वरच अडकलंय, परवा रामकुंडाच्या पायऱ्या चढताना तीनदा खाली बसले, नखं खडूसारखी पांढरी. मामी बीट, खजूर, लोहाच्या गोळ्या सगळं देते. मी वाचलं की या व्हायरसचं जीपी१२० प्रोटीन अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींना चिकटून त्यांना मरायला लावतं, त्याच्याच टॅट प्रोटीनमुळे टीजीएफ-बीटा (पेशींची वाढ रोखणारं शरीरातलं प्रोटीन) वाढून नवीन पेशी बनणं मंदावतं, म्हणजे पेशी कच्च्या असतानाच मार बसतो, मग नुसत्या लोहाने काय होणार? त्यात मामांना झिडोव्ह्युडिन ही एचआयव्हीची गोळी आहे, त्यानेही रक्त कमी होतं, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ११२ म्हणजे जास्त आलाय. व्हायरसमुळे की गोळीमुळे, हे कसं ओळखायचं? बी१२, रेटिक काउंट (नव्या लाल पेशींची मोजणी), पार्वोव्हायरस (रक्त कमी करणारा दुसरा व्हायरस), यातलं डॉक्टरांना आधी काय विचारू? गोळी मनाने बंद करणार नाही, प्लीज सांगा कोणीतरी.