नोंद नसलेले तास : तुमचे अनुभव लिहा

बाबा गेल्यावर आवराआवर करताना उशाशी एक वही सापडली. पानोपानी फक्त वेळ आणि एक शब्द : १० डावी, १२ उजवी, २ पाठ, ४ डावी. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर एकाच जागी दाब येऊन जखमा होतात. सात महिने आईने रात्रीचे दोन आणि चारसुद्धा चुकवले नव्हते. तपासायला येणारे डॉक्टर म्हणायचे, "एकही जखम नाही, छान!" मी मान डोलवायचो. हे कुणामुळे, ते आईला एकदाही बोललो नाही. वही घेऊन तिच्यासमोर बसलो, तर तिने आधी विचारलं, "कुठली रात्र राहिली होती का रे?"

तुमच्यासाठी कुणी असं काही केलं असेल, किंवा तुम्ही करत असाल, तर लिहा. 'आमच्यासाठी खूप केलं' एवढ्यावर थांबू नका. काम नेमकं काय होतं ते सांगा.

*

मी काही महिने वेळ-वापर सर्वेक्षणाचं काम केलं. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकात काय केलं ते विचारायचं. एका बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "मी काही करत नाही, घरीच असते." फॉर्म भरायला घेतला, तर ओळी पुरेनात. एकाच अर्ध्या तासात सासूबाईंचं औषध, मुलाचा अभ्यास आणि कपडे वाळत घालणं. शेवटी कागदाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "एवढं होतं होय?"

अशाच नोंदींवरून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये हिशेब मांडला : जगातल्या ६४ देशांत मिळून रोज १६.४ अब्ज तास असं बिनपगारी काम होतं आणि त्यातलं सुमारे तीन-चतुर्थांश बायका करतात. तो आकडा वाचताना मला त्या बाईंचा आवाज ऐकू येतो.

*

मला दिसत नाही. पदवीचे माझे सगळे पेपर एकाच ताईने लिहिले. लेखनिकाने मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं असतं. माझं उत्तर चुकतंय हे तिला कळत असलं, तरी हात आवरायचा. बाहेर पडल्यावर मात्र ती माझ्याहून जास्त अस्वस्थ असायची. निकाल लागला तेव्हा पहिला फोन तिला केला.

*

वरची वही वाचून रडले. तरी एक सांगते. माझा भाऊ मतिमंद आहे, वय चाळीस. आई-वडिलांनंतर तो माझ्याकडे असतो. त्याला आंघोळ घालणं, दाढी करणं, फिटचा झटका आला की कुशीवर वळवून किती मिनिटं टिकला ते बघणं, सगळं मीच. नातेवाईक म्हणतात, "तू देवमाणूस आहेस." त्यांचं मन चांगलं आहे, पण त्या शब्दांनी माझी झोप भरून निघत नाही.

मावसबहिणीने असं काही कधी म्हटलं नाही. ती चार रविवार येऊन नुसती माझ्या मागे उभी राहिली. दाढी करताना तो कुठे बिचकतो, झटक्यानंतर त्याला कसं निजवायचं, सगळं बघितलं, विचारलं. पाचव्या रविवारी म्हणाली, "आज तू आत जा आणि दार लावून झोप."

संध्याकाळी उठले, तेव्हा तिने पाटीवर लिहून ठेवलं होतं : ३.१०, झटका, २ मिनिटं, आता शांत.