सिनेमांच्या कॉप्या काढायला डीव्हीडी रायटर घ्यावा का?

लांजेकर
मंडळी, घरात एका जुन्या सुटकेसमध्ये दीडेकशे डिस्क पडून आहेत. निम्म्या व्हीसीडी, निम्म्या डीव्हीडी. सगळ्या विकत घेतलेल्या, पायरेटेड एकही नाही. मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढली होती त्या दिवसांत दर शनिवारी स्टेशनवरून येताना दोन-चार उचलायचो. सिनेमे आहेत, नाटकंही बरीच आहेत.

आता इथे ठाण्यात प्लेअर नाही आणि नव्या लॅपटॉपला सीडीचा ट्रेच नाही. आई मात्र गावी, लांज्याला असते. तिच्याकडे प्लेअर आहे, टीव्ही जुना ट्यूबचा. पावसाळ्यात तिकडे नेटचं काही खरं नसतं. यूएसबीने जोडायचा रायटर, म्हणजे डिस्क वाचणारा आणि कोऱ्या डिस्कवर लिहिणारा डबा, दीड-दोन हजारांत मिळतोय. तो घ्यावा, कॉप्या काढून आईला द्याव्या आणि ओरिजिनल इथे जपाव्या असा विचार आहे. बायको म्हणते, "भंगारवाल्याला द्यायला अजून एक डबडं." तुमचं काय म्हणणं?

टपोरी_टेक
वहिनींना +१. सोनीने २०२५च्या फेब्रुवारीत रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. तुमची मोझर बेअर तर त्याच्या कितीतरी आधी दिवाळखोरीत निघाली. जग दुकान बंद करून घरी चाललंय आणि तुम्ही आत्ता शटर उघडताय. आईला एक साधा नवा टीव्ही घ्या, पेनड्राइव्ह लावा, विषय संपला.

लांजेकर
टीव्ही घ्यायला मी तयार आहे हो. आई तयार नाही. "चालू वस्तू कशाला काढायची?" पुढे काय बोलणार?

सीडीवाला_सांगली
एकेकाळी माझं सीडी लायब्ररीचं दुकान होतं, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिली अडचण मापाची. बाजारात मिळते ती कोरी डीव्हीडी ४.७ जीबीची. सिनेमाची ओरिजिनल बहुतेक वेळा दोन थरांची, म्हणजे ८.५ जीबीपर्यंत. ती एका कोऱ्या डिस्कवर मारायची, म्हणजे लिहायची, तर दाबून बसवावी लागते, आणि अंधारातल्या सीनमध्ये चौकोन चौकोन दिसायला लागतात. दोन थरांची कोरी मिळते, पण महाग, आणि जुने प्लेअर तिच्यावर रुसतात.

दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. कंपनीच्या डिस्कमध्ये खड्डे साच्यातून छापलेले असतात. आपण मारतो त्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि लेझर तो जाळून खुणा करतो. हा रंग ऊन आणि दमट हवेने उतरतो. म्हणजे तुम्ही जपायला म्हणून काढलेली कॉपी ओरिजिनलच्या आधी मरणार, त्यात ती कोकणात पाठवणार! माझ्याकडच्या २००५-०६च्या मारलेल्या सीड्या निम्म्याहून जास्त गेल्यात. कंपनीच्या अजून चालतात.

म्हणून माझं मत असं, की डबडं घ्या, पण लिहायला नको, वाचायला. दीडशेच्या दीडशे आधी हार्ड डिस्कवर उतरवा. व्हीसीडीपासून सुरुवात करा, कारण तिच्यात चूक भरून काढायला जास्तीचा डेटा फारसा ठेवलेलाच नसतो. ओरखडा आला की चित्र फाटतं. आणि हो, सीडीचा चकचकीत थर असतो चित्राच्या बाजूला, लेबलच्या अगदी खाली. लोक चमकणारी बाजू जपतात आणि लेबलची बाजू टेबलावर घासतात. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मध्ये सुरक्षित असतो.

एक फुकटचा सल्ला: ड्राइव्ह, म्हणजे हा रायटरच, थेट लॅपटॉपला लावा. एका यूएसबीच्या चार करणाऱ्या स्वस्तातल्या हबवर करंट पुरत नाही, मग ती कुई कुई करत बसते.

कलमबहाद्दर
सगळे तांत्रिक बोलताहेत, म्हणून मी खडा टाकतो. विकत घेतलेल्या डीव्हीडीवर बहुतेक वेळा कॉपी-संरक्षण असतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ कलम आलं, त्यात असं कुलूप फोडणं हा गुन्हा आहे. "माझ्या पैशाची आहे" एवढ्याने भागत नाही.

सीडीवाला_सांगली
साहेब, कलम अर्धं वाचू नका. त्यात हक्कभंगाच्या इराद्याने फोडलं तर, असं आहे. आणि कलम ५२ खासगी वापराला वाजवी मोकळीक देतं. व्हीसीडीला तर कुलूपच नाही.

कलमबहाद्दर
"वाजवी" म्हणजे काय ते कोर्ट ठरवणार, तुम्ही-मी नाही. एक कॉपी आईला, एक मावशीला, मग शेजारी मागायला येतात. लायब्ररी चालवलीत ना तुम्ही? मग सांगायला नकोच.

सीडीवाला_सांगली
हा टोमणा पोचला. :)

माहेरवाशीण
सांगलीकर, तुमचं तंत्र बरोबर असेल, पण तुम्ही म्हाताऱ्या माणसाला रिमोट चालवताना बघितलंय का? माझ्या बाबांना भावाने मोठ्या हौसेने पेनड्राइव्ह भरून दिला. प्लेअरला लावला तर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन. मग इंग्रजीत नावं दिली, तर ती आठ अक्षरांवर तुटायची. बाबा रोज पहिलीच फाइल बघायचे, कारण खाली कसं जायचं तेच कळत नव्हतं.

शेवटी मी डिस्कच मारून दिल्या. एका डिस्कवर एकच सिनेमा, मेन्यू नाही, घातली की सुरू. कव्हरवर चित्र. ते चित्र बघूनच निवडतात. कॉपी पाच वर्षांत मरते? मरू दे. पंचवीस-तीस रुपयांची तर कोरी येते, दुसरी मारेन. ओरिजिनल वाचली ना! लांजेकर, रायटर घ्या आणि बिनधास्त लिहा. लिहायचा स्पीड ८एक्सच्या वर नेऊ नका, आणि मारल्यावर व्हेरिफाय केल्याशिवाय, म्हणजे सगळं नीट लिहिलं गेलंय का ते तपासल्याशिवाय, पाठवू नका.

टपोरी_टेक
ताई, पण दीडशे डिस्क प्रत्येकी अर्धा तास धरल्या तरी पंच्याहत्तर तास. एवढ्या वेळात आईंना नवा रिमोट शिकवून होईल.

माहेरवाशीण
तुम्ही शिकवलाय कधी?

एडिसनकर
न्यू जर्सीहून. कॉप्या परदेशातल्या नातेवाइकांना द्यायच्या असतील तर जपून. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालावी त्याचा आकडा असतो, त्याला रीजन म्हणतात. आपल्याकडचा रीजन ५, इथला १. ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, मग जिथे असेल तिथे कायमचा अडकतो. मी चौथ्यांदा बदलल्यावर वाचलं हे.

सीडीवाला_सांगली
माहेरवाशीण, चित्र बघून निवडण्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. तरी दीडशे मारू नका, हे मी धरूनच ठेवणार. हार्ड डिस्कवर सगळं, डिस्कवर फक्त आई खरोखर बघते तेवढं. लांजेकर, ती नक्की काय बघते ते विचारलंत का?

लांजेकर
नव्हतं विचारलं. आत्ता फोन केला.

दीडशेचं राहू द्या, तिला एकच नाटक हवंय. व्हीसीडीचा दोन डिस्कचा संच, तो तिच्याकडेच आहे. पहिली व्यवस्थित चालते, दुसरी तिसऱ्या अंकात अडकते आणि मग पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. गेली दोन वर्षं असं चाललंय, आणि मला आज कळतंय.

सीडीवाला_सांगली
ओरखडा कुठल्या बाजूला आहे?

लांजेकर
विचारलं. चमकत्या बाजूला काही नाही. चित्राच्या बाजूला तिने स्वतःच बॉलपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "अंक ३".

सीडीवाला_सांगली
अरे देवा. दाबून लिहिलं असेल तर तेवढा भाग गेला, तो कुठलाही रायटर परत आणणार नाही. ड्राइव्ह मागवा, गणपतीला जाताना लॅपटॉपसकट घेऊन जा आणि पहिल्या दिवशी तीच डिस्क उतरवा. मधले मिनिट-दोन मिनिटं सोडून बाकीचं निघेल. ते नव्या डिस्कवर मारून द्या.

माहेरवाशीण
म्हणजे लिहायलाच घेतला ना शेवटी!

लांजेकर
मागवला. आईला सांगितलं की मधला थोडा भाग जाईल. ती म्हणाली, जाऊ दे, तेवढं मला पाठ आहे.